दिशेसह बेरीज : पट्टी आणि पेन्सिलीचे गणित

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते : माध्यमिक विभागातील भूगोल शिक्षक, बी.ए., बी.एड.)



संमेलनाच्या व्यासपीठावर गणितातला विषय कशाला, असे काहींना वाटेल. त्यातून बोलणारा भूगोलाचा शिक्षक! पण भूगोलाचा शिक्षक आयुष्यभर दोनच गोष्टी शिकवत असतो : एखादे ठिकाण किती दूर आहे आणि कोणत्या दिशेला आहे. आजचा विषय याच दोन गोष्टींचा आहे. त्याला पुस्तकात 'सदिश राशींची बेरीज' असे भारदस्त नाव आहे. हे नाव ऐकून दहावीनंतरची किती तरी मुले विज्ञान शाखेच्या दारातून परत फिरतात. ते दार पट्टी आणि पेन्सिलीने उघडते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती आहे. हा मजकूर नुसता वाचू नका. हाताशी कोरा कागद, टोकदार पेन्सिल, सेंटिमीटरची पट्टी, कोनमापक आणि कंपास घेऊन बसा. मी सांगेन तशी रेघ ओढत चला. घरातल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवलेत तर अधिक चांगले.

तीस आणि चाळीस मिळून किती?

आपले नंदुरबार मिरचीच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. तिथल्या काट्यावर मिरचीचे एक पोते ४० किलोचे आणि दुसरे ३० किलोचे ठेवले, तर बेरीज ७० किलो होणार. पोती शेजारी ठेवा, एकावर एक ठेवा, उलटी ठेवा. उत्तर बदलत नाही. ज्या राशीला फक्त मोजमाप असते, दिशा नसते, तिला अदिश राशी म्हणतात. वजनकाट्यावरचे किलो, बाटलीतले तेल, घड्याळातला वेळ, खिशातले पैसे, ही सगळी अदिशांची उदाहरणे.

आता पोत्यांऐवजी दोन माणसे घ्या. चिखलात अडकलेल्या गाडीला दोर बांधून एक जण ४० किलोच्या जोराने ओढतो आणि दुसरा ३० किलोच्या जोराने. गाडीला एकूण ओढ किती बसली? दोघे एकाच दिशेने ओढत असतील तर ७०. एकमेकांच्या विरुद्ध ओढत असतील तर फक्त १०, तीही ४० वाल्याच्या बाजूला. काटकोनात ओढत असतील तर ५०. म्हणजे तीस आणि चाळीस यांची बेरीज १० पासून ७० पर्यंत काहीही येऊ शकते. माणसे तीच, घाम तेवढाच. फरक फक्त दिशेचा!

ज्या राशीला मोजमापाबरोबर दिशाही लागते ती सदिश राशी. 'स' म्हणजे सह, 'दिश' म्हणजे दिशा. बल, वेग आणि विस्थापन या सदिश राशी आहेत. आपल्या उर्दू बोलणाऱ्या मुलांना 'सिम्त' हा शब्द घरूनच ठाऊक असतो; सिम्त म्हणजे दिशा. अरबीतल्या याच शब्दाच्या 'अस्-सुमूत' या अनेकवचनावरून इंग्रजीतला 'अझिमथ' हा शब्द आला. आजही नौकानयनात आणि सर्वेक्षणात उत्तरेपासून मोजलेल्या कोनाला तोच शब्द वापरतात. तेव्हा विद्यार्थ्यांनो, ही भाषा तुम्हाला परकी नाही.

बाण कसा काढावा

सदिश राशी कागदावर बाणाने दाखवतात. बाणाची लांबी म्हणजे मोजमाप, बाणाचे टोक म्हणजे दिशा. यासाठी आधी प्रमाण ठरवावे लागते. समजा १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोची ओढ. मग ४० ची ओढ ४ सेंमीचा बाण झाली, ३० ची ओढ ३ सेंमीचा.

बेरजेचा नियम एका वाक्यात मावतो : पहिल्या बाणाच्या टोकावर दुसऱ्या बाणाची शेपटी ठेवा. मग पहिल्याच्या शेपटीपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढा. ही रेघ म्हणजे बेरीज. तिला परिणामी सदिश म्हणतात. पट्टीने तिची लांबी मोजा, कोनमापकाने दिशा मोजा, उत्तर हातात. यालाच त्रिकोणाचा नियम म्हणतात.

करून पाहा. ४ सेंमीचा आडवा बाण काढा. त्याच्या टोकाशी काटकोनात ३ सेंमीचा उभा बाण काढा. सुरुवातीपासून शेवटापर्यंत मोजा. पट्टी ५ सेंमी दाखवील, म्हणजे ५० किलो. आता दोन ओढींमध्ये ६० अंशांचा कोन घ्या. इथे एक सावधगिरी बाळगा. पहिल्या बाणाची रेघ टोकापुढे फिकट वाढवा आणि त्या वाढवलेल्या रेघेपासून ६० अंश मोजा. उत्तर ६ सेंमीहून किंचित जास्त, म्हणजे सुमारे ६१ किलो येईल. कोन आतल्या बाजूने मोजलात तर उत्तर ३६ च्या आसपास येईल आणि ते चूक असेल. परीक्षेत बहुतेकांचे गुण इथेच जातात.

दुसरी रीतही आहे. दोन्ही बाणांच्या शेपट्या एकाच बिंदूवर ठेवा. गुण्या सरकवून समांतर रेघा काढा आणि समांतरभुज चौकोन पुरा करा. शेपट्यांपासून निघणारा कर्ण म्हणजे परिणामी सदिश. दोन्ही रीतींनी उत्तर एकच येते. कोणता बाण आधी घेतला यानेही फरक पडत नाही. ही गोष्ट साध्या बेरजेसारखीच आहे.

नंदुरबार, शहादा, तळोदा

आता जिल्ह्याचा नकाशा घ्या. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला आपला जिल्हा सहा तालुक्यांचा आहे. त्यातली तीन गावे घेऊ. नंदुरबारहून शहादा सरळ रेषेत सुमारे ३१ किलोमीटर आहे. दिशा पूर्वेकडून उत्तरेकडे सुमारे ३९ अंश. शहाद्याहून तळोदा सुमारे २७ किलोमीटर, जवळजवळ थेट पश्चिमेला, अगदी थोडे उत्तरेकडे झुकलेले.

१ सेंमी म्हणजे ५ किलोमीटर असे प्रमाण धरा. पहिला बाण ६.२ सेंमीचा होईल, दुसरा ५.४ सेंमीचा. दुसरा बाण पहिल्याच्या टोकापासून पश्चिमेकडे काढा आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत मोजा. सुमारे ४.३ सेंमी भरेल, म्हणजे साधारण २१ किलोमीटर. दिशा जवळजवळ उत्तर, किंचित पश्चिमेकडे. नकाशावर नंदुरबार ते तळोदा पट्टी ठेवून खात्री करा.

शहाद्याचे काम आटोपून तळोद्याला गेलेला माणूस सरळ रेषेने धरले तरी ५८ किलोमीटर फिरला. पण घरापासून तो दूर गेला २१ किलोमीटर. फिरला ते अंतर, दूर गेला ते विस्थापन. नववीच्या विज्ञानात हा फरक येतो आणि मुले व्याख्या पाठ करतात. नकाशावर दोन बाण काढले तर पाठ करण्याची गरज उरत नाही. हातोड्याजवळ तापीवर पूल झाला आणि नंदुरबारहून तळोद्याला जाण्याचा फेरा कमी झाला. पुलाने विस्थापन बदलले नाही, अंतर मात्र विस्थापनाच्या जवळ आणून ठेवले. रस्ते आणि पूल बांधणारे लोक शेवटी हेच काम करत असतात.

तापी ओलांडताना

तापी आपल्याकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे उत्तर काठावर आहे. आज तिथे पूल आहे, बॅरेजही आहे. पण थोडा वेळ समजा की पूल नाही आणि तुम्हाला दक्षिण काठावरून नावेने पलीकडे जायचे आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे मी ठरवतो. पात्र ४०० मीटर रुंद, नावेचा स्थिर पाण्यातला वेग ताशी ४ किलोमीटर, प्रवाहाचा वेग ताशी ३ किलोमीटर.

नावाड्याने नाक थेट उत्तरेला धरले तर काय होईल? उत्तरेकडे ४ सेंमीचा बाण, त्याच्या टोकापासून पश्चिमेकडे ३ सेंमीचा बाण. परिणामी ५ सेंमी. नाव ताशी ५ किलोमीटर वेगाने तिरकी जाईल. पलीकडे पोहोचायला ६ मिनिटे लागतील आणि तेवढ्या वेळात प्रवाह तिला ३०० मीटर पश्चिमेला नेऊन ठेवील. लक्षात घ्या, प्रवाह नसता तरी ६ मिनिटेच लागली असती. आडव्या प्रवाहाने वेळ वाढला नाही, ठिकाण बदलले.

आता थेट समोरच्याच घाटावर उतरायचे असेल तर? इथे कंपास काढा. एका बिंदूपासून उत्तरेला एक लांब फिकट रेघ ओढा. त्याच बिंदूपासून पश्चिमेला ३ सेंमीचा प्रवाहाचा बाण काढा. कंपासमध्ये ४ सेंमी अंतर घ्या, प्रवाहाच्या बाणाच्या टोकावर सुई ठेवा आणि उत्तरेची रेघ कंसाने छेदा. सुईपासून छेदबिंदूपर्यंतची रेघ म्हणजे नावेचे नाक कुठे धरायचे ती दिशा. ती उत्तरेपासून पूर्वेकडे, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध, सुमारे ४९ अंश कललेली दिसेल. उत्तरेच्या रेघेवर पट्टी ठेवा : सुमारे २.६ सेंमी. नाव ताशी फक्त २.६ किलोमीटर वेगाने सरळ पुढे सरकेल आणि पलीकडे जायला सुमारे ९ मिनिटे घेईल. सरळ जाण्याची किंमत ३ मिनिटे!

आणखी एक पायरी. नदीला पूर आला, प्रवाह ताशी ५ किलोमीटर झाला. आता पश्चिमेला ५ सेंमीचा बाण काढा आणि कंपासात तेच ४ सेंमी ठेवून कंस मारा. कंस उत्तरेच्या रेघेपर्यंत पोहोचतच नाही. याचा अर्थ, नाक कुठेही धरले तरी ही नाव समोरच्या घाटावर लागणार नाही. ती प्रवाहाबरोबर खाली जाणारच. एकही सूत्र न वापरता कागदाने स्पष्ट सांगितले की हे होणे नाही. पुराच्या पाण्यात उतरणाऱ्या धाडसी तरुणांनी ही आकृती एकदा जरूर काढावी.

अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या गावांत आजही बोटीवर मोठी भिस्त आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यात पाणी बरेचसे संथ असते, तिथे प्रवाहाऐवजी वारा बोटीला बाजूला ढकलतो. बाण बदलला, नियम तोच राहिला.

दोर जितका ताठ, तितका ताण

पालकांपैकी कोणी मिस्त्री असतील, कोणी फॅब्रिकेशनचे काम करणारे, कोणी मंडपवाले. पुढचे उदाहरण त्यांच्यासाठी.

दोन खांबांना दोर बांधला आणि मधोमध १० किलोचे वजन टांगले. दोराच्या प्रत्येक बाजूवर ताण किती? ५-५ किलो, असे उत्तर चटकन येते. आकृती काढून पाहू. वजन स्थिर लटकले आहे, म्हणजे सगळ्या ओढींची बेरीज शून्य आहे. बेरीज शून्य म्हणजे बाण एकापुढे एक ठेवत गेल्यावर शेवटच्या बाणाचे टोक पहिल्याच्या शेपटीला येऊन मिळाले पाहिजे. आकृती बंद झाली पाहिजे.

१ सेंमी म्हणजे १ किलो धरून खाली जाणारा १० सेंमीचा बाण काढा, हे वजन. दोराच्या दोन्ही बाजू आडव्या पातळीपासून ३० अंश कललेल्या आहेत असे समजा. वजनाच्या बाणाच्या खालच्या टोकापासून उजवीकडे वर ३० अंशांची रेघ काढा, वरच्या टोकापासून उजवीकडे खाली ३० अंशांची रेघ काढा. त्या जिथे भेटतात तिथे त्रिकोण बंद झाला. तिन्ही बाजू १० सेंमी. म्हणजे दोराच्या प्रत्येक बाजूवर ५ नव्हे, पूर्ण १० किलोचा ताण आहे.

आता दोर अधिक ताठ ओढून बांधा, कल फक्त १० अंश राहू द्या. पुन्हा काढा. कागद पुरणार नाही, म्हणून १ सेंमी म्हणजे २ किलो धरा. वजनाचा बाण ५ सेंमीचा. बाजू मोजा, सुमारे १४.४ सेंमी. ताण जवळजवळ २९ किलो! कल ५ अंश केला तर ५७ किलो. वजन तेच १० किलोचे, पण दोर ताठ केल्याने ताण जवळजवळ सहापट झाला. दोर पूर्ण आडवा करायचा म्हटला तर त्रिकोण कधी बंदच होत नाही. मधे वजन असलेला दोर कितीही जोर लावला तरी तंतोतंत आडवा होऊ शकत नाही.

खांबांवरच्या विजेच्या तारांना झोळ ठेवतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. तारेचे स्वतःचेच वजन असते आणि थंडीत तार आकसून आणखी ताठ होते. मंडपाचा दोर बांधणारा अनुभवी माणूस थोडा सैलपणा ठेवतो, तोही याच कारणाने. त्याच्या हाताला हे गणित येते. त्याच्या मुलाला ते कागदावर आले, तर तोच मुलगा उद्या पुलाचा आराखडा तपासू शकतो.

ही पोरकट रीत नव्हे

काही विद्यार्थ्यांना वाटते, आकृती काढून उत्तर काढणे ही कच्च्यांची रीत आणि सूत्र घालणे ही हुशारांची. इतिहास वेगळे सांगतो. बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत काम केलेला इब्न अल-हैसम याने अकराव्या शतकाच्या आरंभी 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशावरचा ग्रंथ लिहिला. आरशावर आदळणाऱ्या प्रकाशाच्या गतीचे त्याने दोन भाग पाडले : एक पृष्ठभागाला लंब, दुसरा समांतर. आज आपण सदिशाचे घटक पाडतो, त्याच वाटेवरचा हा विचार आहे. १५८६ मध्ये सिमॉन स्टेव्हिनने उतरणीवरच्या वजनांचा विचार करून बलांच्या त्रिकोणाचा पाया घातला. १६८७ मध्ये न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त गतीच्या नियमांनंतर पहिलाच उपसिद्धांत समांतरभुज चौकोनाचा दिला. 'व्हेक्टर' हे नाव आजच्या अर्थाने १८४० च्या दशकात आयर्लंडच्या हॅमिल्टनने रूढ केले. आजची सूत्रांची मांडणी त्याहूनही नंतरची, अमेरिकेतल्या गिब्स आणि इंग्लंडमधल्या हेविसाइड यांची. म्हणजे आकृती आधी आली, सूत्रे मागाहून.

सूत्रे आल्यावरही आकृती मागे पडली नाही. झुरिकच्या कार्ल कुलमान या प्राध्यापकाने १८६६ मध्ये आलेखी स्थितिशास्त्रावर ग्रंथ लिहिला. पूल आणि छपरांच्या लोखंडी सांगाड्यातल्या प्रत्येक दांड्यावरचा ताण कागदावर रेघा काढून मोजण्याची ती विद्या. कुलमानचा विद्यार्थी मॉरिस केश्लँ पुढे आयफेलच्या कारखान्यात अभियंता झाला, आणि १८८९ मध्ये पॅरिसला उभ्या राहिलेल्या सुमारे ३०० मीटर उंचीच्या मनोऱ्याची मूळ कल्पना व आकडेमोड करणाऱ्यांत तो होता. त्या वेळी संगणक नव्हते. टोकदार पेन्सिल, चांगले प्रमाण आणि बंद होणारी आकृती, एवढी हत्यारे होती.

आकृतीची मर्यादाही सांगतो. बोथट पेन्सिल आणि लहान प्रमाण यांनी उत्तर थोडे इकडे-तिकडे होते. म्हणून आकृती मोठी काढावी. अकरावीच्या भौतिकशास्त्रात साइन-कोसाइन वापरून तेच उत्तर अचूक काढायला शिकवतात. पण ज्याने आधी आकृती काढली आहे त्याला सूत्राचे उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळते. ४० आणि ३० च्या बेरजेचे उत्तर ८५ आले, तर त्याला पुस्तकाच्या मागे पाहावे लागत नाही.

पालकांना दोन शब्द

आपल्या मुलांची खरी अडचण मला दिसते ती अशी. दहावीपर्यंत शिक्षण मराठीत किंवा उर्दूत होते. अकरावी विज्ञानाला पुस्तक इंग्रजी, आणि पहिल्याच काही प्रकरणांत सदिश! नवी भाषा आणि नवे गणित एकाच वेळी अंगावर येतात. मूल घाबरते आणि घरी सांगते, "मला विज्ञान झेपणार नाही." घरात कोणी त्या वाटेने गेलेले नसते, म्हणून घरचे म्हणतात, "राहू दे, कला शाखा घे." मुलगी असेल तर हा निर्णय आणखी लवकर होतो. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे आणि त्या शाखेला कमी लेखत नाही. आवडीने घेतलेली शाखा कोणतीही असो, चांगलीच. भीतीने घेतलेली शाखा मात्र मुलाची नसते, भीतीची असते.

यावर माझ्याकडे एक साधा उपाय आहे. आठवी ते दहावीच्या दोन-तीन वर्षांत मुलांनी या आकृत्या आपल्या भाषेत, आपल्या घरच्या कामावर काढाव्यात. वडील गवंडी असतील तर ओळंब्याची दोरी आणि शिडीचा कल, ट्रकचालक असतील तर गावांचा नकाशा, वेल्डर असतील तर छपराची कैची. बाणाला इंग्रजी येत नाही आणि मराठीही येत नाही. एकदा हात बसला की अकरावीत फक्त शब्द नवे राहतात, विचार जुनाच असतो. अशा वेळी लागते ती एक कंपासपेटी. मुलगा आणि मुलगी दोघांच्या दप्तरात ती वेगवेगळी असू द्या.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी तुम्हाला एक सांगतो. घर तुम्हाला एका बाजूला ओढते, शाळा दुसऱ्या बाजूला, मित्र तिसऱ्या. प्रत्येकाचा जोर कमी नाही. पण तीस आणि चाळीस मिळून सत्तर व्हायचे की दहा, हे जोरावर ठरत नसते. पालकांनी आणि शिक्षकांनी तुमच्याविषयी एकत्र बसून दिशा ठरवली, तर थोड्या बळातही तुम्ही पुष्कळ पुढे जाल. म्हणून पालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, शाखेचा अर्ज भरण्याआधी एकदा मुलाला किंवा मुलीला घेऊन शाळेत या. आपण तिघे मिळून कागदावर बाण काढू आणि मग ठरवू.